अप्पांचा जमादार

देवाघरी जाण्याच्या आदल्या दिवशी अंकुशराव ओसरीवर बसून शेळीवर डोळे वटारत होते. ठाणाकुशनूरच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम चालली होती. गोष्ट रझाकारांच्या काळातली: ज्वारीच्या कणगीत लपलेलं प्रेमातलं एक जोडपं आणि त्यांना ओढून काढणारा निजामाचा जमादार. जमादार कायम अंकुशराव. प्रेक्षक त्यांना चपला फेकून मारत. दुसऱ्या दिवशी ते त्या चपला घरोघर नेऊन देत आणि प्रत्येक घरी चहा पीत.

बीदरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीला, मनीषाला, याची लाज वाटे. "अप्पा, साठी उलटली. आता तरी हिरोच्या बापाचं काम घ्या की."

"बापाला चपला कोण मारंल, येडे?"

सकाळी अंकुशराव उठलेच नाहीत.

जत्रा महिन्यावर होती. "औंदा नाटक ऱ्हाऊ दे," नाटक बसवणारे बळीरामकाका म्हणाले. "जमादार कुठून आणायचा?"

"म्या हाव की," मनीषा म्हणाली.

"बाईमाणसानं जमादार व्हायचं?"

"कामून? दुष्टपणा काय गड्यांनीच करावा व्हय? नाटक हुनार म्हंजे हुनार."

जत्रेत ती मिशी लावून रंगमंचावर आली आणि पहिल्याच डरकाळीला बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. "अगं माय, बापावरच गेलीय की पोरगी!"

मनीषानं कणगीवर लाथ मारली. "भाएर निघ!"

आतून हिरो महांतेश मऊ आवाजात म्हणाला, "अक्का, दमला असचाल. जरा बसा."

हिरॉईन चैत्रानं जमादाराच्या तोंडावर थुंकायचं होतं. ती गळ्यात पडून रडू लागली. बळीरामकाकांनी खालून खुर्ची वर सरकवली. मागोमाग पाण्याचा तांब्या आला.

मनीषानं महांतेशची कॉलर धरली, तर तो गरीब गायीसारखा मागे चालू लागला.

"आरं, नाटक बुडवायलास का? पोरीचा हात धर!" ती दातओठ खात कुजबुजली. "म्या वढायलेय, तुमी सोडायचं न्हाई!"

"अप्पांच्या लेकीसंगं कसं भांडू, अक्का?"

पुढच्या रांगेत मनीषाची माय, नागूबाई, बसली होती. महिनाभर ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती कंबरेवर हात ठेवून उठली.

"मुडद्या जमादारा! सोड माझ्या लेकरांला!"

आणि तिची चप्पल सणसणत येऊन जमादाराच्या कानशिलावर बसली.

मग चौफेर चपलांचा पाऊस पडला. महांतेशला एकदम जोर चढला, चैत्रानं त्याचा हात घट्ट धरला आणि दोघांनी मिळून जमादाराला असं ढकललं की मिशी ओठावरून हनुवटीवर आली.

इथं जमादारानं पळून जायचं होतं. मनीषा पळाली नाही. चपला अंगावर झेलत ती पुढं आली.

"अप्पा!" ती साऱ्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडली. "पुण्या-मुंबईची नाटकं पाहिली म्या. तुमच्यावानी नट कुठं बघितला न्हाई!"