संगमावरचा खरवस

पेशवाईतली गोष्ट. कार्तिक शुद्ध नवमीला बुधवार पेठेतल्या तुळजाबाईंनी उजाडता उजाडता जाहीर केलं, "आज विहीणबाईंचं तोंड बंद केलं नाही, तर पुणं सोडीन!"

राग साधा नव्हता. मैनेच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, सासूबाई वाईहून पाहुण्या आल्या होत्या आणि आल्यापासून पुण्याला झोडपत होत्या. पाणी जड, तूप पातळ, नदी म्हणजे ओहोळ! काल तर म्हणाल्या, "खरवस खावा तो वाईचाच. तुमच्याकडे म्हशी असतात का हो?"

तुळजाबाई तव्यावरच्या मोहरीसारख्या तडतडल्या! हडपसरच्या सोनबाची म्हैस नुकतीच व्याली होती. चीक मागवला, केशर-वेलदोडा घालून खरवस केला आणि बेत ठरवला: संगमावर आवळीभोजन! आवळीच्या झाडाखाली चूल, समोर मुळा-मुठेचं पाणी आणि शेवटी खरवस. नदीही कळेल, म्हशीही कळतील!

सोनबाची बैलगाडी निघाली. वाटेत भट्टीवरचे गरम फुटाणे घेतले.

"वाईला टपोरे मिळतात," विहीणबाई म्हणाल्या.

संगम आला. "आमच्याकडे घाट आहेत. इथं नुसता चिखल."

तुळजाबाईंनी फुटाण्यांबरोबर शब्दही चावून गिळले.

झाडाखाली मुंग्या होत्या, म्हणून खरवसाची दुरडी त्यांनी काठाच्या रिकाम्या नावेत ठेववली. पाण्यात कुठल्या मुंग्या! मग विहीणबाईंचा पाट मांडायला गेल्या, तर नेमका तिथंच खुंट.

"सोनबा, उपट तो! नदी बघताना मध्ये येतोय."

"बाईसाहेब, त्यो नावंचा खुंट हाय."

"मग दोर धोंड्याखाली दाब! शहाणपण बैलांना शिकव."

सोनबानं खुंट उपटला, दोर दाबला आणि तो बैलांना पाण्यावर घेऊन गेला. एवढं करून विहीणबाईंनी पाट फिरवला आणि नदीकडे पाठ करून बसल्या. "उन्हानं डोळे दिपतात!"

रिवाजाप्रमाणे तुळजाबाईंचे यजमान यज्ञेश्वरपंत आधी जेवायला बसले, नदीकडे तोंड करून. चातुर्मासात जेवताना अवाक्षर बोलायचं नाही असं त्यांचं व्रत. समाप्तीला दोन दिवस उरलेले.

अळूच्या फदफद्याचा पहिला घास घेऊन त्यांनी भुवया उचलल्या.

"आवडलं वाटतं!" तुळजाबाईंनी आणखी वाढलं.

थोड्या वेळानं पंत एकदम "हूं! हूं!" करू लागले. डावा हात नदीकडे.

"बघा विहीणबाई! ह्यांना नदीवाचून घास उतरत नाही!"

पंतांनी वल्हं मारल्यासारखा हात फिरवला.

"घुसळल्याची खूण. ताक मागताहेत," विहीणबाईंनी निदान केलं. तुळजाबाईंनी भातावर ताक ओतलं. पंत आणखी जोरात वल्हवू लागले. आणखी ताक आलं. पानात दुसरा संगम झाला!

"आमच्याकडे पुरुषमाणसं जेवताना असे हातवारे करत नाहीत हो."

तुळजाबाई कडाडल्या, "अहो, गप्प जेवा ना!"

गप्प तर ते होतेच. निमूटपणे जेवले, चूळ भरली आणि शांतपणे म्हणाले, "नाव गेली."

तुळजाबाई गर्रकन वळल्या. नाव पार पलीकडच्या काठाला! चार बैरागी दुरडीभोवती बसलेले. त्यांतला एक बोटं चाटत इकडे हात उंचावून आशीर्वाद देत होता.

"आत्ता सांगता?"

"मग व्रत मोडू?"

"माझा खरवस बुडाला त्याचं काय!"

"खुंट कुणी उपटायला लावला?"

बैलांना पाणी पाजून आलेला सोनबा त्यांच्या शिंगांकडे फार बारकाईनं बघू लागला.

आता सगळी भिस्त फदफद्यावर. विहीणबाईंनी पहिला घास घेतला. तुळजाबाई पळी घेऊन पुढे वाकल्या. दुसरा घास. विहीणबाई गप्प! वाईचं नाव नाही, घाट नाही, म्हैस नाही! तुळजाबाईंची छाती भरून आली. बंद झालं एकदाचं तोंड!

तेवढ्यात पंतांना आठवलं. "अहो, फदफद्यात मीठ नाही. पहिल्या भुवया त्यासाठी होत्या. नाव नंतरची."

विहीणबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गोड हसल्या. "असू द्या हो. मला वाटलं, पुण्यात असंच करतात."

तुळजाबाईंनी पळी खाली आपटली.

"सोनबा, गाडी जुंप! आणि घरी नाही, हडपसरला, आणखी चीक आणायला!"