तुरळक ठिकाणी

ढग दिसला की आमचे सिद्रामअण्णा वळसंगला फोन लावतात. वळसंगला म्हणजे तिथल्या एखाद्या माणसाला नव्हे, अख्ख्या गावाला. त्यांच्याकडे एक वही आहे. तीत गावचे नंबर आडनावांप्रमाणे नाही, शेतांच्या बांधांप्रमाणे लिहिलेत.

अण्णा आणि मी सोलापुरात टॉवेलच्या एका गोदामात कामाला आहोत. ते टॉवेलांच्या घड्या घालतात, मी गठ्ठ्यांवर पत्ते लिहितो. उन्हाळ्यात मात्र दोन्ही कामं मीच करतो. कारण मोबाईलवर ‘उष्ण व दमट हवामान, दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह वादळी पाऊस’ असं आलं रे आलं, की अण्णांचं कामातलं लक्ष उडालंच.

"तुरळक म्हंजे कुटं?" ते मला दरडावून विचारतात, जणू अंदाज मीच काढलाय. "ज्याच्या डोस्क्यावर पडती, त्याला काय तुरळक?"

मग फोन सुरू. अर्धं मराठी, अर्धं कानडी. "शेळ्या कुटं हायत? तू कुटं हाईस? गिडद बुडक निंदरब्याड!" झाडाखाली थांबू नको, एवढंच सांगायचं असतं, पण गोदामाचे पत्रे हादरतात. एकदा पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, मी पुण्यात हाय, हापिसात." अण्णा म्हणाले, "आसशील. खिडकीपासनं बाजूला सरक." एका म्हाताऱ्याने वैतागून नंबरच बदलला. अण्णांनी तो दोन दिवसांत शोधून काढला.

मला या प्रकाराचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, त्यात हे केकाटणं.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी हवा अशी कोंदली की गठ्ठ्यातले कोरे टॉवेलसुद्धा हाताला ओलसर लागायला लागले. मग वारा सुटला, लाइट गेली. दक्षिणेकडचं, वळसंगच्या बाजूचं आभाळ काळंठिक्कर पडलं आणि गडगडायला लागलं. अण्णा दारात उभे राहून एकामागून एक फोन लावत होते, आणि प्रत्येकाला शेवटी एकच विचारत होते, "आमची महानंदा दिसली का?"

महानंदा त्यांची लेक. गावातच दिलेली.

मी वैतागून म्हणालो, "अहो, मग लेकीलाच लावा की! गावभर बोंब कशाला?"

"माझा उचलत न्हाय ती. सहा वर्सं झाली." ते वहीकडे बघत होते. "तिच्या शेताच्या कडंनं जेवडी मानसं हायत, त्यास्नी लावतो. कोन ना कोन तिला हाक मारतंय."

मला स्वतःची लाज वाटली. एका पोरीसाठी हा माणूस सहा वर्षं गावभराच्या शिव्या खात होता, आणि मी त्याला येडा समजत होतो.

"जेऊरकर, तुमच्या फोनवरनं लावता का?" त्यांनी हळूच विचारलं. मी जेऊरचा, म्हणून त्यांच्यासाठी मी जेऊरकर. "तुमचा नंबर वळखीचा न्हाय तिला."

मी लावला. चौथ्या रिंगला तिने उचलला. मी नाव सांगितलं, गोदामाचं सांगितलं, वीज चमकतेय तर झाडाखाली थांबू नका म्हणालो.

"बाबांनी लावायला लावलं व्हय?" आवाज एकदम चढला. "घरात हाय मी. सांगा तेंना. आन् हे बी सांगा, आईवर ईज पडली त्या दिवशी तिला ताप हुता, भिजू नको, चिंचंखाली थांब म्हनून फोन तेंनीच केलता!"

फोन कट झाला. पाऊस आता आमच्या पत्र्यावर आला होता. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"घरात आहे," मी म्हणालो. बाकीचं बोलायला माझी जीभ रेटेना.

"वरडली का?"

मी मान खाली घातली. "हो."

अण्णांनी वही मिटली आणि ते गठ्ठ्यावर टेकले.

"घरात बसून वरडली न्हवं?" ते म्हणाले. "मग चालतंय की."