पाचशे बारा बाइट्समधला बदाम

बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दुकानातलं कार्ड द्यायचं नाही, असं उल्हास देवस्थळीने ठरवलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. साल २००४. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या कार बूट सेलमधून, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकणाऱ्या बाजारातून, त्याने वीस वर्षांपूर्वीचा एक पीसी घरी आणला (सीमाच्या भाषेत 'ते धूड'). बटण दाबलं की विंडोजबिंडोज काही नाही, थेट 'हॅपी बर्थडे सीमा' उमटलं पाहिजे, असा बेत होता.

असा प्रोग्रॅम फ्लॉपीच्या पहिल्या पाचशे बारा बाइट्समध्ये कोंबावा लागतो. उल्हासने तीन आठवडे एकेक बाइट वाचवला. (त्या नादात दोनदा दूध उतू गेलं, ते वेगळं.)

शनिवारी दुपारी शेजारचे जयंत आणि यमुनावहिनी केक घेऊन आले. उल्हासने ऐटीत बटण दाबलं. धूड घरघरलं. पडद्यावर 'हॅपी बर्थडे' उमटलं, आणि पुढे नावाच्या जागी चक्क एक बदाम आणि एक हसरा चेहरा!

"अय्या, उल्हास!" सीमाचे डोळे भरून आले. "माझ्या नावाच्या जागी बदाम?"

"बघा, शिका जरा," यमुनावहिनी जयंतला म्हणाल्या.

इथे गप्प बसायला काय हरकत होती? पण उल्हास इंजिनिअर पडला.

"छे छे, बग आहे तो!" तो घाईघाईने म्हणाला. "प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींचा ढीग असतो ना, स्टॅक, तो मेमरीत वरून खाली वाढतो. मी तो तुझ्या नावाला खेटून ठेवला. वाढत वाढत तो तुझ्या नावावरच चढला, आणि त्यातले आकडे या पीसीने चित्रं म्हणून छापले!"

"म्हणजे बदाम चुकून आला?"

"शंभर टक्के चुकून! थांब, काढतो."

आणि दहा मिनिटांत काढलासुद्धा. आता पडद्यावर स्वच्छ 'हॅपी बर्थडे सीमा' होतं, आणि ते बघायला खोलीत कोणीच नव्हतं. तिघंही केक घेऊन किचनमध्ये गेली होती.

"अगं, बदाम परत टाकतो," उल्हास किचनच्या दारातून म्हणाला. "एका बाइटचं काम आहे."

"मुद्दाम टाकलेला नको," सीमा म्हणाली. "आपोआप आलेला हवा."

तेव्हापासून उल्हास स्टॅक इकडेतिकडे सरकवत बसलाय. एकदा इस्पिक आलं, दोनदा किलवर. ऑफिसात ज्याच्या हातून रोज नवी चूक होते, त्याला घरी एक जुनी चूक काही केल्या जमत नाहीये.