आवाजात नाताळ हवा

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, ब्रदरने स्वेटर घालायचं ठरवलं. त्याने फक्त एवढंच ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडलं, असं तो आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

ब्रदर म्हणजे चर्चमध्ये गिटार गळ्यात अडकवून सगळ्या मंडळीकडून गाऊन घेणारा माणूस. सगळे त्याला ब्रदरच म्हणत. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्मी मंडळी विचारात पडली असती. सध्या तो नाताळच्या गाण्यांचा आल्बम करत होता. आता आल्बम नाताळात लोकांच्या हातात पडायचा तर तो घाम पुसत पुसतच गावा लागतो, त्याला इलाज नाही. बाकीची गाणी झाली होती. ज्याच्यावरून आल्बमचं नाव ठेवलं होतं, ते शेवटचं गाणं मात्र हटून बसलं होतं. पाळकसाहेबांनी ते ऐकलं, डोळे मिटले, उघडले आणि प्रेमाने म्हणाले, "सूर चोख आहे, ब्रदर. पण ऐकताना पंखा लावावासा वाटतो."

ते वाक्य ब्रदरच्या मनाला फार लागलं. आवाजात नाताळ नाही! वर्षभर प्रभूची गाणी गाणाऱ्याच्या आवाजात नाताळ नाही! शिवाय माईक उसना आणलेला, तो संध्याकाळी परत द्यायचा होता. म्हणजे काय तो नाताळ दुपारच्या दुपारी आवाजात उतरायला हवा होता.

त्यात आदल्या दिवशी सासरे राहायला आलेले. बायको सकाळी कामावर निघताना उंबऱ्यातून परत आली.

"अहो, पपा हल्ली फार विसरायला लागलेत. मनाला लावून घेतात. काही भलतंच बोलले तर वाद घालू नका, होला हो म्हणा."

(होला हो म्हणणं हा ब्रदरच्या संसाराचा पायाच होता. त्यासाठी वेगळी ताकीद नको होती.)

जेवून पपा आतल्या खोलीत झोपले. ब्रदरने माळ्यावरून नाताळचं झाड काढलं, दिव्यांच्या माळा लावल्या, खिडकीत चांदणी टांगली. बाहेरचे आवाज नकोत म्हणून खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले, आणि माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखाही बंद केला. मग स्वेटर, कानटोपी आणि कानटोपीवरून हेडफोन चढवून गायला उभा राहिला.

"उजाडलं रे, आमच्या दारी उजाडलं..."

ब्रदरला एक जुनी खोड होती. त्याला गाणं संपवता येत नसे. चर्चमध्ये लोकांची मनं विरघळेपर्यंत ध्रुवपद घोळवायचं, हा त्याचा रिवाज. विरघळली की नाही ते समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. घरात समोर कपडे भरलेलं कपाट होतं, आणि ते काही केल्या विरघळेना. ब्रदर घोळवत राहिला. कधीतरी दमून त्याने हेडफोन काढले आणि वळला.

मागे पपा उभे होते. अंगात कोट, गळ्यात मफलर, पायात लोकरी मोजे. कपाळावरून घामाच्या धारा.

"मेरी ख्रिसमस, जावईबुवा," पपा हळूच म्हणाले.

ब्रदरच्या मनात आलं, पपा डोक्याने गेले! इतक्या लवकर गेले! (आपल्यामागे झाड लुकलुकतंय आणि आपल्याही डोक्यावर कानटोपी आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अशा गोष्टी नंतर सुचतात.) बायकोची ताकीद आठवून तो म्हणाला, "मेरी ख्रिसमस, पपा."

पपांचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यांनी मान हलवली. "यंदा थंडी कमी आहे, नाही?"

"हो, तशी कमीच."

"लेकीला फोन केला मी. शुभेच्छा दिल्या. तिने एकदम फोनच ठेवला." पपा माईकजवळ सरकले. "तुम्ही का थांबलात? गा ना."

नाही म्हणायची सोय नव्हती. ब्रदर गायला लागला, आणि पपाही त्याच्याबरोबर गाऊ लागले. दुपारभर भिंतीपलीकडून तेच ध्रुवपद कानावर पडल्यावर कुणालाही ते पाठ झालं असतं. पपांचा आवाज कापरा होता, पण गाताना त्यांचे डोळे भरून आले. ब्रदरला कळेना हे काय चाललंय, पण तोही गात राहिला. समोर कपाटाऐवजी पपांचा चेहरा होता, आणि तो चेहरा पाहता पाहता गाणं कधी नव्हे ते आपोआप संपलं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात बायको, आणि तिच्यामागे डॉक्टर. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करी, त्यामुळे घाईघाईत हाताशी लागला तो दातांचाच डॉक्टर. आत भट्टी पेटल्यासारखी गरम हवा आणि लोकरीत गुंडाळलेले दोन पुरुष.

"आजोबा, आता कोणता महिना चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"डिसेंबर," पपा म्हणाले.

डॉक्टर ब्रदरकडे वळले. "तुम्ही सांगा."

सासऱ्यांना परक्या माणसासमोर उघडं पाडायचं? ब्रदर ठामपणे म्हणाला, "डिसेंबरच."

डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. पुढे काय करावं हे त्यांच्या शिक्षणात नसावं, म्हणून ते म्हणाले, "तोंड उघडा."

दोघांनी उघडली.

"अहो!" बायको ओरडली. "ते झाड कुणी लावलं?"

मग सगळा उलगडा झाला. पपा मटकन खुर्चीत बसले.

"झाड दिसलं, चांदणी दिसली, हे स्वेटरमध्ये. मला वाटलं, मधले सगळे महिने माझ्या डोक्यातून पुसले गेले. फार घाबरलो, पोरी. म्हटलं, निदान नाताळ तरी चुकला नाही."

बायको त्यांच्या मफलरची गाठ सोडता सोडता रडली आणि रडता रडता हसली. मग नवऱ्याकडे तिने असं पाहिलं की त्याने निमूट पंखा लावला. माईक अजून चालूच होता आणि दोघांचं गाणं रेकॉर्ड झालं होतं, हे त्याला माईक परत देताना कळलं.

खरा नाताळ आला, आणि दोघांचं तेच गाणं शेवटी घेतलेला आल्बमही मंडळीच्या हातात पडला. उपासना संपल्यावर सगळी मंडळी पपांभोवती जमली. कुणी हात हातात घेतला, कुणी आशीर्वाद मागितला. पपांनी ब्रदरला बाजूला ओढून विचारलं, "या वेळी नक्की डिसेंबर ना?"

"नक्की, पपा."

पाळकसाहेब डोळे पुसत आले. "ब्रदर, शेवटच्या गाण्यात नाताळ उतरला हो! असा आवाज ऐकला नव्हता." मग त्यांनी ब्रदरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "फक्त पपा गात असताना मध्येच तो दुसरा माणूस गातो, तेवढा काढता येईल का?"

ब्रदरने होला हो म्हटलं.