शाणूबाबांचा ट्रेड

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. स्थळ कोरगाव, आमच्या घराची पुढची ओसरी. हजर माणसे चार: मी, माझी बायको सुलभा, मुलगा तन्मय आणि शेजारचे शाणूबाब. देय रक्कम दोन उंडे व एक कप चहा, आगाऊ. विषय: तन्मयने सैन्यात कोणता ट्रेड, म्हणजे कामाची कोणती शाखा, घ्यावा.

उंडे म्हणजे आमच्याकडचे गोल, कडक कवचाचे पाव. शाणूबाबांच्या सल्ल्याची ही फी ठरलेली होती. एक उंडा ते चहात बुडवून तिथेच संपवत आणि दुसरा कागदात गुंडाळून खिशात टाकत. 'रिझर्व राशन,' म्हणत. सल्ला चुकला तर फी परत करण्याची त्यांची तयारी असे, पण खाल्लेला उंडा परत कसा करणार, हे मी विचारले तेव्हा ते गोव्याच्या रीतीने मला मालक करून म्हणाले, "पात्रांव, तू पे ऑफिसचो माणूस. तुका दुसरा काय सुचतला?"

मी पेडण्याच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. पण शाणूबाबांच्या लेखी मी सैन्याच्या पे ऑफिसात आहे, गेली वीस वर्षे.

त्यांचे हेच वेड. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावात आले आणि त्यांनी अख्ख्या गावाची भरती करून टाकली. त्यांच्या मते जगात प्रत्येक माणसाचा एक ट्रेड असतो, आणि माणूस एखादे साधे काम करत असताना तो ओळखता येतो. पहाटे सायकलवर भोंपू वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर म्हणजे सप्लाय: "रस्तो बुडानदे, ह्याचा राशन पोचता." सुलभा म्हणजे भांडार: "घरात टाचणी खंय आसा ती हिका झोपेत इचार." आमच्याकडे पूजा सांगायला आलेल्या भटजींना त्यांनी सिग्नलमध्ये घातले. "मेसेज वर बरोबर धाडता," ते प्रसाद खाता खाता म्हणाले, "पण रिप्लाय येता काय नाय ता बघीत नाय." भटजी तिथेच होते. त्यांनी दक्षिणा जरा लवकरच उचलली.

आणि माणूस चुकीच्या जागी दिसला की शाणूबाबांच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडे: "ट्रेड चुकलो!" वळणावर बस उडवणाऱ्या ड्रायव्हरला पाहून: "ट्रेड चुकलो! ह्याका रणगाडो देवक जाय होतो." एका लग्नात नवरदेवाने घातलेला हार नवरीच्या गळ्याऐवजी दोनदा तिच्या कानाला अडकला. मंडप शांत असताना शाणूबाब म्हणाले, "तोफखान्यात घेवचो नाय ह्याका. नेम नाय." नवरीच्या बापाने मागे वळून पाहिले. तेव्हापासून त्या घरची आमंत्रणे आम्हालाही बंद झाली, कारण त्यांच्या शेजारी मी बसलो होतो आणि हसलो होतो.

चेष्टा सगळे करत, पण भरतीला निघालेली पोरे त्यांनाच विचारायला येत. एकाला ड्रायव्हर व्हायचे होते. शाणूबाबांनी त्याला स्कूटर उभी करताना पाहिले आणि स्वयंपाकी व्हायला सांगितले. पोराची आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आता तो सुट्टीवर येतो तेव्हा शेजारच्या लग्नाचे जेवण एकटा रांधतो, आणि आई चुलीपाशी खुर्ची टाकून बघत बसते.

हे सगळे असूनही एका माणसाचा ट्रेड शाणूबाबांनी कधीच सांगितला नव्हता. तो म्हणजे तन्मय. त्यांच्याच अंगणात तो चालायला शिकला. सुलभा थट्टेने विचारायची, "शाणूबाब, आमच्या झिलाचा ट्रेड?" ते म्हणत, "फाइल चालू आसा."

इथे गेल्या मे महिन्यातला प्रसंग सांगायला हवा. काजू गोळा करायला डोंगरावर गेलेले शाणूबाब घसरले आणि त्यांचा घोटा सुजून भोपळा झाला. तन्मय आणि त्याचा मित्र धावले. शेतघरातली लाकडी शिडी काढली, तिच्यावर गोणपाट टाकले, शाणूबाबांना वर निजवले आणि उचलले. डोक्याच्या बाजूला तन्मय होता. मी खाली वाटेवर उभा होतो. आधी आवाज आला, मग शिडी दिसली. शाणूबाब आडवे पडून स्वतःच्याच मिरवणुकीला हुकूम सोडत होते: "पाय मोड! पुढच्याचो डावो, मागच्याचो उजवो! एकसारखो पाय टाकलास तर शिडी झुलतली रे, माका समुद्र लागतलो!" अंगभर काजूचा रस, तोंडात शिव्या. आणि तन्मय खालच्या आवाजात त्यांच्याशी सतत बोलत होता: "आता खड्डा येतो, काका. आता सपाट आहे. झाले, घर दिसले." मी त्या वेळी पोट धरून हसलो. गावात ही गोष्ट मीच पसरवली.

तर त्या रविवारी आम्ही चौघे बसलो होतो. तन्मयची बारावी विज्ञानातून झालेली, गणितही आणि जीवशास्त्रही. अर्जात दोन पदे भरता येत होती, पहिली पसंती आणि दुसरी. मुदत पुढच्या रविवारपर्यंत.

माझे मत मी आकड्यांसह मांडले. अग्निवीर म्हणजे चार वर्षे, त्यानंतर चौघांतला एक कायम. उरलेल्या तिघांच्या हाती काय? क्लार्क झाला तर निदान कामाचा अनुभव बाहेर उपयोगी पडेल.

"बाबा," तन्मय म्हणाला, "सैन्यात जाऊन पण कॅल्क्युलेटरच धरू? माझे सगळे दोस्त जीडी भरतायत. मीही तेच भरणार."

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, बंदूक घेऊन पायी लढणारा शिपाई. सुलभाच्या हातातला कप बशीवर वाजला. "मुरगावच्या बंदरात जागा आहे म्हणून मामा सांगत होता, तेव्हा ऐकले नाहीस," ती म्हणाली आणि आत गेली.

मी शाणूबाबांकडे पाहिले. नवरदेवाला एका हारात ओळखणारा हा माणूस तन्मयकडे नुसता बघत राहिला.

"बोला की," मी म्हटले.

"टायम जाय."

"किती?"

"सांगूक येना," ते म्हणाले आणि उठले. दुसरा उंडा बशीतच राहिला. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

मग आठवडाभर तपास चालला. तन्मय पळायला गेला की शाणूबाब सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, हजर. तन्मय गाईला पाणी दाखवतोय तर हे कुंपणापाशी. एकदा तन्मय दाढी करत असताना खिडकीत त्यांचे डोके दिसले आणि त्याने गाल कापून घेतला. घरात मात्र कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. मी क्लार्कचे फायदे सांगे, तो ताटावरून उठे, सुलभा ते ताट तसेच झाकून ठेवी.

शनिवारी संध्याकाळी शाणूबाब इस्त्रीचा शर्ट घालून आले. तन्मयने संगणक सुरू केला होता. त्याने मान वर केली आणि जे गावात कोणीही कधी विचारले नव्हते ते विचारले.

"काका, सगळ्यांचे सांगता. तुमचा ट्रेड काय होता?"

आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की ते लढाऊ शिपाई. छाती तशी, मिशा तशा, आवाज तर तोफेचाच.

"बँड," शाणूबाब म्हणाले.

सुलभाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

"हस गो, हस. मीय हसलंय मागीर. भरतीच्या साहेबान इचारल्यान, घरा काय करतस? मी खऱ्या मनान सांगलंय, जत्रेत सनई वाजयतंय. माका तोफखानो जाय होतो. हातात क्लॅरिनेट दिली. पयले वर्सभर रोज रात्री म्हणी, शाण्या, ट्रेड चुकलो तुजो."

"मग?" तन्मयने विचारले.

"मग लढाई लागली. डोंगरातली. बँडवाल्याक लढायेत वाजवक देत नाय रे पुता. ताच्या हातात स्ट्रेचर देतत. दोन माणसां, मदी जखमी. काळोख, दगड. पाय चुकलो की वयलो किंचाळता. आमका पाय मोजूची सवय. ताल हाडात बसल्लो. माजो जोडीदार आनी मी, आमी सगळ्यांका हळू खाली हाडले. थोडे वाटेरच गेले. पण धक्क्यान कोण गेलो नाय. त्या दिसापासून मी ट्रेडाक नावां ठेवूक नाय."

माझ्या डोळ्यांसमोर ती शिडी आली. डावा, उजवा, डावा, उजवा. जे सांगून मी गावभर लोकांना हसवले होते ते.

"मागल्या मे म्हयन्यात माका खाली हाडलंस," ते तन्मयला म्हणाले. "आयुष्यात पयल्यांदा मी स्ट्रेचराच्या वयल्या बाजून गेलंय. तू पायांखाली एकदाच बघी आनी माज्या तोंडाकडे धा फावटी. ह्या कोणी शिकवक येना. फाइल त्याच दिसा बंद झाल्ली."

"मग सांगितले का नाही?" मी विचारले.

शाणूबाबांनी माझ्याकडे न बघता खिसा चाचपला. "एकदा सांगलंय की हो झील जातलो गाव सोडून. घाई खंय होती?"

मग त्यांनी ट्रेड सांगितला: नर्सिंग असिस्टंट, सैन्याच्या दवाखान्याचा माणूस. "आनी क्लार्काक हसू नको. माजी पेन्शन दर म्हयन्याक बरोबर येता, ती कोण धाडता?" हे माझ्यासाठी होते. मी अटी दोनदा वाचून पाहिल्या. त्या पदाला चार वर्षांची मर्यादा नव्हती. माझ्याजवळचा मुख्य आकडाच निकालात निघाला.

तन्मयने त्या अटी स्वतःही एकदा वाचल्या. मग त्याने पहिली पसंती भरली, नर्सिंग असिस्टंट, आणि दुसरी क्लार्क, आणि उठून सुलभाकडे जेवायला मागितले.

तो परीक्षेला बसला, धावला, वैद्यकीय तपासणीतून पार झाला. पेडणे स्टेशनवर गाडी सुटताना शाणूबाब फलाटाच्या टोकाला उभे होते. सलामही ठोकला नाही. तन्मयच्या पिशवीत मात्र कागदात गुंडाळलेला एक उंडा सापडला, हे त्याने नंतर फोनवर सांगितले.

त्यानंतर शाणूबाब आमच्याकडे येईनासे झाले. रस्त्यात भेटत, हात वर करत, पुढे जात. सुलभाने एकदा चहाला हाक मारली तर म्हणाले, "आता कित्या? केस नाय." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगी डिचोलीला दिलेली, ती चवथीला, गणपतीत तेवढी येते. त्यांच्या घरून रेडिओचा आवाज येई आणि लवकर बंद होई. केस असल्याशिवाय हा माणूस कोणाच्या घरी बसत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

पोदेराने विचारले, झील गेलो, आता रोजच्या सहा उंड्यांचे चार करू? मी त्याला थांबायला सांगितले आणि कुंपण ओलांडून गेलो. शाणूबाब पायरीवर बसून काळ्या चहात बिस्कीट बुडवत होते.

"शाणूबाब, एक केस आहे."

"कोणाची?"

"माझी. निवृत्तीला सहा वर्षे उरली. नंतर काय करू? पे ऑफिस हा ट्रेड बरोबर होता की चुकला, ते एकदा नीट बघा."

त्यांनी बिस्कीट खाली ठेवले आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. पे ऑफिसचा माणूस दोन पायऱ्या चढून दमला आहे, याची नोंद झालीच असणार.

"कठीण केस," ते म्हणाले. "टायम लागतलो."

"किती?"

"सांगूक येना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते ओसरीवर होते. तपास अजून चालू आहे. महिनाअखेरीस मी पोदेराचा हिशेब केला: रोजचे उंडे सहा, तन्मय होता तेव्हाइतकेच; त्याचे दोन आता फीत जातात. पैसे पोदेराला मी दिले.