कारणाचा रकाना

हमीदचाचा लॅपटॉप हातात घेतला की लगेच उघडत नाहीत. उजवा हात उलटा करून झाकणावर टेकवतात आणि डोळे बारीक करून थोडा वेळ तसेच थांबतात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून बघतात, अगदी तसं. लॅपटॉप दोन दिवस बंद असला तरी हे होणारच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकं हे पाहून हसली होती. मलाही हसू आलं, पण माझं काम अडलेलं होतं, म्हणून मी ते दाबलं.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. पाटीवर अजूनही मोठ्या अक्षरांत 'फवारणी पंप दुरुस्ती' असंच आहे. 'लॅपटॉप' हा शब्द नंतर खालच्या उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवला आहे. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात, त्यामुळे चाचांची भाषाही मिसळली आहे. अँटिव्हायरस म्हणजे फवारणी. सिस्टीम फाइल म्हणजे जड, म्हणजे मूळ. "फांदी तुटली तं चालते बेटा. जडीले काई झालं तं झाड उभं राहत नाई." आणि फॉरमॅट मारणं म्हणजे रोटावेटर. हा शब्द ते तोंड वाकडं करूनच उच्चारतात. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी आतून पोखरली, त्या वर्षी आमच्याकडे अनेकांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टरचा रोटावेटर फिरवून ते मातीत मिसळलं होतं. चाचांच्या मते ज्याला रोग समजत नाही, तो रोटावेटर आणतो.

माझ्या लॅपटॉपवर एक रोटावेटर आधीच फिरला होता. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे चुकलं तर विचारायचं कोणाला हेही मला कळत नसे. प्रकल्पासाठी मी त्याच बोंडअळीचा विषय घेतला होता. चाळीस कापूसवाल्यांना भेटून लिहून आणायचं, लॅपटॉपवर भरायचं आणि सत्र संपायच्या आत कॉलेजात द्यायचं. पंधरा जणांची माहिती मी कागद न वापरता थेट लॅपटॉपवर भरली होती. मग पडदा निळा झाला. दुसऱ्या एका दुकानात त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला आणि पंधराही माणसं गेली. मी पुन्हा त्यांच्या दारी गेले. त्यांनी पुन्हा सांगितलं, पण एक आजोबा म्हणाले, "पोरी, तेच बोंड कितीदा फोडून दाखवू?" तिसऱ्यांदा जायचं तोंड मला नव्हतं. प्रकल्प राहिला तर वर्ष राहणार होतं.

चाचांनी आधी माझी सगळी माहिती दुसरीकडे उतरवून ठेवली, मग प्रश्न सुरू केले. कधीपासून? कोणत्या वेळेला? त्याआधी काय खाल्लं होतं? म्हणजे काय काय टाकलं होतं. मी भीत भीत सांगितलं की दोन अँटिव्हायरस टाकले आहेत, एकाने नाही झालं तर दुसरा असावा म्हणून. चाचांनी पंप दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाकडे पाहिलं. "आयकलं? दोन औषधं एकाच टाकीत." तो माणूस मान खाली घालून पंपाचा पट्टा बघत बसला. त्यानेही तेच केलं असावं.

चाचांची एक वही आहे. तारीख, मालक, मशीन आणि शेवटचा रकाना 'कारण'. दुरुस्त मशीन देताना ते कारण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. हा त्यांचा नेम आहे. वाचल्याशिवाय मशीन मिळत नाही. एका सरांच्या मशीनचं कारण 'बिस्किट' होतं. बी-बियाण्याच्या दुकानदाराचं 'जावई'. तो जावई तेव्हा शेजारीच उभा होता. माझं कारण वाचलं, 'दोन औषधं', आणि मी मान खाली घालून लॅपटॉप घेतला.

आठ दिवसांनी पडदा पुन्हा निळा.

चाचांनी वहीतलं 'दोन औषधं' खोडलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी चालवून त्यांनी बिघडलेल्या फाइली एकेक करून नीट केल्या. आत मेमरीची एक पट्टी सैल सापडली. कारण, 'पट्टी'. नऊ दिवसांनी मी पुन्हा दारात. आता त्यांनी 'पट्टी' खोडून नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. बाकावरचा एक जण म्हणाला, "चाचा, आता फिरवा रोटावेटर." चाचा त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

माझी बॅटरी केव्हाच मेली होती. लॅपटॉप वायरीवरच चालायचा, आणि तशी बॅटरी कुठे मिळत नव्हती. "चालू मशीनचा करंट तुटला की फाइल अर्धीच राह्यते," चाचा म्हणाले. "लाइट जाते काय?" जाते की. पण लोडशेडिंगच्या वेळा मला पाठ होत्या, त्याआधी मी मशीन बंद करायचे. चाचांनी मशीन पडल्याच्या तारखा आणि वेळा माझ्याकडून लिहून घेतल्या. सगळ्या संध्याकाळच्या निघाल्या, आणि एकही लोडशेडिंगमध्ये बसेना.

"वावर पाहा लागन," ते म्हणाले.

मशीनचं वावर म्हणजे आमचं घर. मला वाटलं गंमत करतात. पण रविवारी दुपारी ते खरंच एसटीने आमच्या गावात उतरले. खांद्याला पिशवी, पिशवीत टेस्टर, मीटर आणि भंगारातून मिळालेली एक बॅटरी. बाबांनी खाट टाकली. चाचांनी घर, बोर्ड, वायर सगळं पाहिलं आणि लॅपटॉपसमोर स्टूल ओढून बसले. मला म्हणाले, "तू रोजच्यावानी कर. मी नाईच हाय असं समज."

रोजच्याप्रमाणे म्हणजे लॅपटॉपवर अपडेट लावून, नेटसाठी शेजारी मोबाइल ठेवून, मी सहाला समाजमंदिरात मुलांची शिकवणी घ्यायला जायचे. तशी गेले. परत आले तर चाचा आईच्या हातचा चहा पीत होते. आई नुकतीच कापूस वेचून आली होती. तिच्या लुगड्याला अजून कापसाचे धागे चिकटलेले होते.

"सापडलं," चाचा म्हणाले. "बटन ढिलं होतं." त्यांनी बोर्डाचं बटन बदललं होतं आणि ती बॅटरीही बसवली होती. आता करंट गेला तरी मशीनला कळणार नाही, म्हणाले. मी पैशांचं विचारलं तर शेवटची एसटी चुकेल म्हणून घाईने निघाले. कारण वाचून दाखवलं नाही. वही दुकानात आहे म्हणून, असं मला वाटलं.

त्यानंतर पडदा निळा झाला नाही. मी चाळीस माणसं भरली आणि प्रकल्प वेळेत दिला.

निकाल लागल्यावर एका संध्याकाळी मी दारात बसले होते. लॅपटॉप आत चालू होता. आई वावरातून आली, हात धुतले, लॅपटॉपजवळ गेली, उलटा हात त्याच्यावर टेकवला आणि भिंतीवरचं बटन बंद केलं. अगदी सहज, रोजचं काम असल्यासारखं.

मी विचारलं, हे काय करतेस?

"तापलं व्हतं. तू घरी नसली की मी रोजच बंद करतो, थंडं झालं की बटन पुन्हा लावतो," आई म्हणाली. "कोनी नाई जवळ, अन् थे आपलं एकटंच तापून राह्यते. थो तुह्या दुकानवाला भाऊ आला व्हता ना, त्याच्यासमोर केलं. त्यालेच इचारलं, काई बिघडते काय? थो म्हने, नाई बाई, आता बॅटरी हाय. पाहत जा हात लावून."

परतल्यावर मशीन बंद दिसलं की मी लाइट गेली असेल असं धरायचे. बाबांना, मला, कोणालाच तिला विचारायचं सुचलं नव्हतं. आणि मी कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरले होते की आमच्या गावच्या लाइटीने माझं मशीन बिघडवलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात गेले. चाचा आत गेले तेव्हा वही उघडून पाहिली. माझ्या नावापुढे 'दोन औषधं' खोडलेलं, 'पट्टी' खोडलेलं, प्रश्नचिन्हही खोडलेलं. त्यापुढे कोरं. वर खाली सगळीकडे उंदीर, चहा, बिस्किट, जावई. एवढा एकच रकाना रिकामा.

चाचा बाहेर आले आणि त्यांनी माझं बोट कुठे आहे ते पाहिलं.

"लिवलं असतं तं वाचून दाखवा लागलं असतं," ते म्हणाले. "नेम हाय आपला."

मग त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदावर ठेवला. बराच वेळ एका पंपाचं नोझल फुंकत बसले.

"इतके वर्सं झाले हे काम करून," ते नोझलकडे बघतच म्हणाले, "लोक मले हासते. मशीनले हात लावून पाह्यनारं दुसरं कोनी मले दिसलंच नोतं."

मी म्हटलं, आई अजून रोज पाहते.

"पाहू दे," चाचा म्हणाले, आणि टेबलावरचा पुढचा लॅपटॉप ओढून त्याच्यावर उलटा हात ठेवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. मी हसले नाही.