नवव्या ग्रीनवरचे नऊ उंदीर

लहान मुलांना गोल्फ शिकवायला असं लागतं तरी काय हो? एक काठी, एक चेंडू आणि दरडावणारा एक माणूस! हे मी मॅनेजरसाहेबांना तोंडावर सांगितलं आणि तिथेच माझा घात झाला.

मी आमच्या गोल्फ क्लबचा हेड माळी. बावीस वर्षं झाली, गवत वाढवतो आणि गवतावरून चालणाऱ्यांवर ओरडतो. दुसरं काम जास्त असतं. त्यातलं नववं ग्रीन हे माझं खास. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते अगदी बारीक कापलेलं गवत, जिथे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा असतो. या नवव्या ग्रीनवर मी अकरा महिने राबलो होतो. एकेक तण चिमट्याने उपटलं होतं. कारण रविवारी सकाळी अकरा वाजता गोल्फ संघटनेच्या तपासनीस बाई ते बघायला येणार होत्या. त्यांनी पसंत केलं की यंदाची मोठी स्पर्धा आमच्या मैदानावर, नाहीतर नदीपलीकडच्या क्लबात! ओळीने पाच वर्षं ती पलीकडेच गेली होती. गेल्या वर्षी तर अहवालात लिहिलं, ‘गवत थकलेले वाटते.’ गवत थकतं? अहो, थकलो होतो मी!

तर शनिवारी दुपारी चार वाजता कोचची कंबर धरली. कशाने, तर मुलांना ‘वाकून उभं कसं राहायचं’ ते दाखवताना! तो तसाच वाकलेला गाडीत बसून घरी गेला आणि मॅनेजर धावत माझ्याकडे आले.

“नऊ मुलं आलीत. त्यांचे आईबाप व्हरांड्यात चहा पीत बसलेत. तासभर तुम्ही सांभाळा.”

“सांभाळायचं काय त्यात! दोन दरडावण्या दिल्या की शिकतील.”

“दरडावायचं नाही! हसतखेळत शिकवायचं. हे कोचचं पुस्तक घ्या. आणि रागवायचं नाही.”

“मी कधी रागावतो?” मी इतक्या जोरात विचारलं की व्हरांड्यात कोणाच्या तरी हातातली बशी पडली.

पुस्तकाचं नाव ‘मुलांना गोल्फ शिकवण्याच्या एकवीस गमतीदार युक्त्या’. एकवीस! मी बावीस वर्षांत एक गंमत पाहिली नव्हती. वर मॅनेजरनी सांगितलं, वर्ग नवव्या ग्रीनवरच घ्या, ते व्हरांड्यातून दिसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, अनवाणी चालतील. मी तरीही नाही म्हणालो. ते म्हणाले, त्यांत माझी मुलगी आहे. मग मी मुलांच्या तळपायांची तपासणी केली, दोघांना नळावर पाठवलं आणि आत घेतलं.

युक्ती पहिली : काठी अशी धरायची, जणू हातात चिमणीचं पिल्लू आहे. घट्ट नाही, सैल नाही. मी अगदी गोड आवाजात समजावलं. माझा गोड आवाज मलाच ओळखू येईना.

“धरलं का पिल्लू सगळ्यांनी?”

“होऽऽ!”

“आता मारा!”

“पिल्लाला?” एका पोराचे डोळे भरून आले.

“पिल्लाला नाही रे! चेंडूला!”

एवढ्यात दुसरा म्हणाला, “माझ्या पिल्लाला उडायचंय!” आणि त्याने काठी सोडून दिली. ती प्लास्टिकची होती म्हणून बरं. माझ्या कानाजवळून गेली आणि झेंडूच्या वाफ्यात उतरली. त्याबरोबर उरलेल्या आठही पिल्लांना उडायची इच्छा झाली. वाफ्यातले सतरा झेंडू गेले! मी दात ओठ खात नऊ काठ्या वेचून आणल्या.

युक्ती दुसरी : काठी घड्याळाच्या लंबकासारखी हलवा आणि तोंडाने ‘टिक टॉक’ म्हणा. ही युक्ती मात्र लगेच जमली. इतकी जमली की थांबेचनात! माझं डोकं भणभणायला लागलं. शेवटी मी ओरडलो, “बंद पडलं घड्याळ!” तेव्हा कुठे शांत झाली. व्हरांड्यातून मॅनेजरनी बोट दाखवून दम दिला. मी त्यांच्याकडे बघून हसलो. ते हसणं बघून समोरचं एक पोर मागे सरकलं.

युक्ती तिसरी : चेंडू म्हणजे उंदीर, भोक म्हणजे त्याचं घर. उंदराला हळूच ढकलत घरी पोचवा आणि झोपवा. मला हे आवडलं. साधं, सोपं. पहिल्या पोराने उंदराला ढकललं आणि टुणकन घरात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“चला, पुढचा!”

पुढे होती मॅनेजरची मुलगी. वय वर्षं सहा. मी तिला मनातल्या मनात वकीलबाई म्हणत होतो, कारण आल्यापासून ती माझी उलटतपासणी घेत होती. ती जागची हलेना.

“मी नाही मारणार.”

“का?”

“आत तो झोपलाय. त्याच्या डोक्यात पडेल.”

“त्याला बाहेर काढू.”

“नुकताच झोपलाय ना पण! तुम्हाला कोणी झोपेतून उठवलं तर?”

“बाई गं, मग तुझ्या उंदराने जायचं कुठे?”

“दुसऱ्या घरात.”

“दुसरं घर नसतं. एका ग्रीनवर एकच घर. जगभर हाच नियम आहे!”

तिने कमरेवर हात ठेवले, मला खालून वर न्याहाळलं आणि बाकीच्यांना म्हणाली, “काकांना दुसरं घर करताच येत नाही.”

मला? मला येत नाही? अहो, या मैदानावरचं एकूण एक भोक बावीस वर्षं मी पाडतोय! माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली की विचारू नका. मी तरातरा गेलो आणि खोपटातून कटर घेऊन आलो. हे आमचं भोक पाडायचं हत्यार, वर आडवी मूठ आणि खाली धारदार नळकांडं. सरळ रोवायचं, दोन पिळे द्यायचे आणि उचलायचं. वीतभर खोल भोक पडतं आणि नळकांड्यातून मातीचा अखंड ठोकळा निघतो, वर गवताची टोपी असलेला. हा ठोकळा आपल्याच भोकात परत बसवून जरा पाणी मारलं की सकाळपर्यंत खूण राहत नाही. इतरांचं सोडा, मलाही शोधून सापडत नाही! त्यामुळे चिंता नव्हती. भोक पाडायचं, वकीलबाईंचं तोंड बंद करायचं, ठोकळा परत बसवायचा.

मी भोक पाडलं. मुलं श्वास रोखून बघत होती. ठोकळा निघाला तसे सगळे एका सुरात “ओऽऽ!” म्हणाले. बावीस वर्षांत माझ्या भोकाला कोणी ‘ओ’ म्हटलं नव्हतं.

“मलापण घर!”

“मलापण!”

खरं म्हणजे तिथे थांबायला हवं होतं. पण एकदा ‘ओ’ ऐकल्यावर माणसाचा तोल जातो. मी आणखी सात पाडली. जुनं एक धरून नऊ उंदरांना नऊ घरं. आठ ठोकळे ओल्या गोणपाटावर क्रमाने मांडले, कारण ज्याचा ठोकळा त्याच्याच भोकात जायला हवा. आणि काय सांगू, पोरं शिकली! जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, हळूहळू उंदीर ढकलत होती. कोचच्या मोठ्या वर्गातली माणसंसुद्धा इतकं हळू मारत नाहीत. मला वाटलं, एकवीसपैकी तीन युक्त्यांतच आपण कोचला मागे टाकलं.

तेवढ्यात एक बाप फोटो काढायला ग्रीनवर आला. बूट घालून! तळाला खिळे असलेले बूट!

मग माझं भानच सुटलं. “उतरा खाली!” अशी मी आरोळी ठोकली आणि त्याच्यामागे धावलो. तो पळाला. पळताना बूट आणखी रुतले, म्हणून मी आणखी चिडलो. त्याला पार व्हरांड्याच्या पायरीपर्यंत नेला आणि गवताचं मूळ किती खोल जातं, ते वाढायला किती दिवस लागतात, त्याच्यावर पाय देणाऱ्याला काय म्हणावं, हे सगळं सविस्तर सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. सात धरा.

परत आलो तर ग्रीनवर वाढदिवस चालू होता!

उंदरांचा. नव्या घरात आले म्हणून. आणि वाढदिवसाला केक लागतो. आणि आठ केक गोणपाटावर आयतेच मांडलेले होते. त्यांवर काड्यांच्या मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या. कापून झाले होते. वाटूनही झाले होते. प्रत्येक भोकात मूठमूठ कोंबलं होतं आणि उरलेलं सगळीकडे सांडलं होतं. माझ्या अकरा महिन्यांचा भुगा!

“काका, तुमचा तुकडा ठेवलाय,” वकीलबाई म्हणाल्या.

मी मटकन खाली बसलो. राग इतका आला होता की कोणावर काढावा तेच कळेना. सहा वर्षांच्या मुलांवर ओरडायची बंदी. पुस्तक लिहिणारा हाताशी नाही. इतक्यात समोर एक साठीच्या बाई आल्या. हातात फाइल, पायात बूट, चालत आल्या त्या थेट ग्रीनवर!

“बूट काढा!” मी गरजलो.

त्या दचकल्या. त्यांनी बूट काढले.

“कोणाच्या आजी तुम्ही? या सगळ्यांच्या असाल तर उत्तमच! हे बघा, काय केलंय तुमच्या नातवंडांनी! बघता काय नुसत्या, उचला ते!”

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि भुगा वेचू लागल्या. वकीलबाईंनी त्यांना लगेच दटावलं, “हळू बोला हं आजी, उंदीर झोपलेत.” त्यांनी मान डोलावली. पहिलं भोक रिकामं झालं. आत वाकून बघितलं. मग पर्समधून टेप काढली आणि चक्क मोजायला लागल्या.

आता मात्र हद्द झाली. “मोजा! खुशाल मोजा! सव्वाचार इंच! सगळीकडून! एक केसभर फरक निघाला तर मिशा उतरवीन!”

त्यांनी एकेक रिकामं करत नऊही भोकं मोजली आणि फाइलीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत आले. त्यांनी ग्रीन बघितलं, भुगा बघितला, आणि मग बाईंना बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाई! तुम्ही उद्या येणार होता ना?”

“सांगितलेल्या दिवशी गेलं की सगळी मैदानं सारखीच दिसतात,” तपासनीस बाई म्हणाल्या. मग मोज्यांवरची माती झटकली, बूट हातात घेतले आणि व्हरांड्याकडे गेल्या.

मी जागच्या जागी थिजलो. मिशा मात्र शाबूत होत्या.

आठ दिवसांनी पत्र आलं, माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावर. मी उभ्या उभ्या फोडलं. पहिलीच ओळ, ‘आपल्या क्लबचे मैदान यंदाच्या स्पर्धेसाठी निवडता येत नाही, याचा खेद वाटतो.’ खेद वाटतो! मी पत्राचे टराटर चार तुकडे केले, ते भिरकावले आणि संघटना, कोच, मॅनेजर, उंदीर आणि पुस्तक लिहिणारा यांचा नावनिशीवार उद्धार करत घरभर फिरलो.

बायकोने शांतपणे तुकडे गोळा करून जेवणाच्या टेबलावर जुळवले आणि चष्मा लावला.

“अहो, खाली आणखी लिहिलंय.”

“मला ऐकायचं नाही!”

“‘तथापि, नववे ग्रीन. तेथील नऊही भोके अचूक, कडा अखंड. तीस वर्षांत इतके सफाईदार काम पाहिले नाही.’”

मी फिरायचा थांबलो.

“‘तरी नदीपलीकडील क्लबात होणाऱ्या स्पर्धेची अठराही भोके पाडण्यासाठी आपणांस सन्मानपूर्वक पाचारण करण्यात येत आहे.’”

“म्हणजे? स्पर्धा त्यांच्याकडे, आणि भोकं मी पाडायची?”

“हो.”

“त्यांच्या गवतात?”

“हो. जाणार का?”

मी संतापाने काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सन्मानपूर्वक बोलावलं होतं हो. गेलो.

पत्र आता बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलंय. मधोमध चिकटपट्टीचं फुलीसारखं निशाण दिसतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे असं कसं फाटलं? मग मलाही राग येतो. मी म्हणतो, हल्लीचे पोस्टमन म्हणजे काय विचारू नका! एक पत्र म्हणून धड आणून देत नाहीत!